अंजीर दाखवणारा

इंग्रजीतला ‘सिकोफंट’ म्हणजे हुजऱ्या, तोंडपुज्या. हा अर्थ ऐकून प्राचीन अथेन्सचा माणूस चक्रावला असता. त्याच्या ओळखीचा ‘सुकोफांतेस’ कुणाची खुशामत करत नसे, तो लोकांना कोर्टात खेचत असे.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘सुकोन’ म्हणजे अंजीर, ‘फाइनेइन’ म्हणजे दाखवणे, उजेडात आणणे. आपल्या ‘कुंभकार’सारखाच हा उपपद तत्पुरुष: आधी नाम, मागून धातूपासून आलेलं पद. हा धातू आणि संस्कृतातला ‘भा’ (भाति, प्रभा) एकाच कुळातले. अथेन्सजवळच्या एल्यूसिस या धर्मस्थळाच्या गूढविधींचा मुख्य पुरोहित ‘हिएरोफांतेस’, म्हणजे पवित्र ते दाखवणारा. उत्तरपद तेच, पण एक धर्मगुरू आणि दुसरा चहाडखोर!

पण अंजीरच का? ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याच्या चरित्रात एक कथा दिली आहे. सोलोनने (आर्कन, म्हणजे मुख्य शासनाधिकारी, इ.स.पू. ५९४) ऑलिव्ह तेल सोडून बाकी शेतमालाची निर्यात बंद केली, चोरून अंजीर बाहेर पाठवणाऱ्यांची खबर देणारा तो सुकोफांतेस. प्लूटार्कचा सूरही ‘असेलही बुवा’ असाच आहे. अथेनायोस हा ग्रीक लेखक वेगळंच सांगतो: पूर्वी दंड आणि कर अंजीर, वाइन, तेल या रूपांत वसूल होत, त्या वसुलीवरून हे नाव पडलं. मला दोन्ही कथा शब्दावरून मागाहून रचलेल्या वाटतात. व्याकरण घटक सांगतं, प्रसंग सांगत नाही.

शब्द बदनाम कशाने झाला, ते मात्र स्पष्ट आहे. अथेन्समध्ये सरकारी वकील नव्हता; सार्वजनिक गुन्ह्यात ‘इच्छा असेल तो’ नागरिक फिर्याद करी. काही प्रकरणांत दंडातला वाटा फिर्यादीला मिळे. मग खटल्याची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांचा धंदाच सुरू झाला. त्याला आळा म्हणून ज्यूरीची एक पंचमांश मतंही न मिळवणाऱ्या फिर्यादीला १००० द्राख्मा (ग्रीक नाणी) दंड होता.

नाटककार अॅरिस्टोफेनीसने इ.स.पू. ४२५ च्या ‘अखार्नियन्स’ या प्रहसनामध्ये त्यांची मजेदार खोड मोडली आहे. शेजारच्या बिओशिया प्रांतातल्या व्यापाऱ्याला अथेन्सचा असा माल हवा असतो, जो त्याच्या गावी मिळत नाही. मग निकार्खोस नावाच्या सुकोफांतेसलाच मडक्यासारखं बांधून त्याच्या हवाली करतात.

आजच्या ग्रीकमध्ये हा शब्द ‘खोटी बदनामी करणारा’ या अर्थाने चालतो. हुजरेगिरी त्याला चिकटली ती इंग्रजीत गेल्यावर.