दाब दुप्पट, ऊर्जा तेवढीच

फुकट वीज देणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ बघताना एक युक्तिवाद हमखास कानावर पडतो: केबलचं टोक मोकळं सोडलं की तिथे विद्युतदाब दुप्पट होतो, मग जादा ऊर्जा मिळाली की नाही? यातला पहिला भाग अगदी खरा आहे. १०० व्होल्टचा स्पंद, म्हणजे विजेचा क्षणभराचा झटका, सोडला तर मोकळ्या टोकाला ऑसिलोस्कोपवर (दाबाचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) जवळपास २०० व्होल्ट दिसतात. घोळ आहे तो 'मग'मध्ये.

केबलमध्ये शिरताना स्पंदाला पलीकडे काय जोडलंय याचा पत्ता नसतो. वाटेत दाब आणि प्रवाह यांचं प्रमाण केबलच ठरवते. त्याला तिचा इम्पिडन्स म्हणतात. तो ५० ओहम असेल तर १०० व्होल्टबरोबर २ अँपिअर, म्हणजे २०० वॉट. आता टोकाला १५० ओहमचा रोध लावू. त्याला हे प्रमाण मानवत नाही, म्हणून काही भाग मागे फिरतो. येणाऱ्या दाबाचा किती हिस्सा परततो हे सांगणारा परावर्तन गुणांक (१५० − ५०) ÷ (१५० + ५०), म्हणजे ०.५. परतणारा दाब ५० व्होल्ट, रोधावर १५०. दीडचा वर्ग सव्वादोन, तेव्हा शक्तीही सव्वादोनपट, असं म्हणून भलेभले इथे घसरतात. पण परतीचा १ अँपिअर उलट दिशेचा, तो आधीच्या २ मधून वजा होतो. रोधाला १५० व्होल्ट गुणिले १ अँपिअर, १५० वॉट मिळतात. मागे ५० व्होल्ट गुणिले १ अँपिअर, ५० वॉट जातात. बेरीज २००.

मोकळ्या टोकाचा हिशेब मला याहून देखणा वाटतो. धावत्या स्पंदात निम्मी ऊर्जा विद्युतक्षेत्रात, निम्मी चुंबकीय क्षेत्रात असते. दर मीटरला एकेक वाटा धरू. टोकाशी जाणारा आणि परतणारा भाग एकमेकांवर चढतात, तेव्हा दोघांचे मिळून चार वाटे हवेत. तिथे प्रवाह शून्य, म्हणून चुंबकीय वाटा शून्य. दाब दुप्पट, आणि विद्युतक्षेत्राची ऊर्जा दाबाच्या वर्गाने वाढते, म्हणून तिचे वाटे चार. चारच्या चार! टोकाशी ऊर्जा फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली. स्पंद मागे वळून सुटा झाला की पुन्हा निम्मी-निम्मी.

तुटलेली केबल शोधायला हेच परावर्तन कामी येतं. बऱ्याच केबलमध्ये स्पंद प्रकाशाच्या सुमारे दोन तृतीयांश वेगाने जातो. तो १ मायक्रोसेकंदात परतला, तर तुटलेली जागा साधारण १०० मीटरवर. परतलेला दाब उलट्या चिन्हाचा निघाला, तर तार तुटलेली नाही, शॉर्ट झाली आहे.