पापणी गळते कधी आणि गोंद सुटतो कधी

लग्नसराईत दारव्हा, आर्वी, हिंगणघाटकडच्या पार्लरमध्येही आता पापण्यांचं एक्स्टेन्शन, म्हणजे आपल्या एकेका पापणीच्या केसाला गोंदाने लांब नकली केस चिकटवणं, करून मिळतं. आणि पंधरा-वीस दिवसांनी तक्रारही ठरलेली: “काय व ताई, गोंद कच्चा होता काय तुमचा? अर्ध्या गळल्या नं!”

गळलेली एक लांब पापणी तळहातावर घेऊन उजेडात पाहा. नकली केसासोबत आपला बारीक केसही आला असेल आणि त्याच्या बुडाशी पांढरट गाठ दिसत असेल, तर तो केस मुदत संपवून गळलाय. गोंदाने शेवटपर्यंत धरूनच ठेवलं होतं. नुसता नकली केस सुटून आला, तर मात्र ताईला जरूर विचारा.

डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढत राहतो. पापणीचा केस महिना-दीड महिन्यातच वाढ थांबवतो, म्हणून तर पापण्यांची वेणी घालायची पाळी कोणावर येत नाही. त्यानंतर दोन-तीन आठवडे त्याचं मूळ आक्रसतं, मग काही महिने तो नुसता अडकून बसतो आणि शेवटी गळतो. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात आणि प्रत्येकाचं चक्र वेगळ्या वेळी सुरू झालेलं असतं. त्यामुळे सगळे एकदम झडत नाहीत. दोन्ही डोळ्यांचे मिळून रोज एक ते पाच जातात. रोजचे तीन धरले तरी तीन आठवड्यांत साठेक केस गेले. अर्धे नव्हेत, पण मधे फटी दिसायला तेवढे पुरेत.

जे गळत नाहीत त्यांचीही गंमत आहे. वाढीतला केस दिवसाला जेमतेम ०.१२ मिलिमीटर सरकतो, पण तीन आठवड्यांत ते अडीच मिलिमीटर होतात. कातडीजवळ चिकटवलेला नकली केस तेवढा पुढे जातो, त्याचं वजन टोकाकडे येतं आणि तो वाकडा फिरतो. दोन-तीन आठवड्यांनी रिफिल, म्हणजे गळलेल्या-फिरलेल्यांच्या जागी नवे नकली केस, करायला सांगतात ते यासाठी. नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या केसावर जाड एक्स्टेन्शन लादू नये. सतत ओढ बसली तर मूळच दुखावतं.

आता गोंदाकडे वळू. हा सायनोअ‍ॅक्रिलेट, फेविक्विकच्याच कुळातला, आणि तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, हवा ठणठणीत कोरडी होते आणि गोंद रेंगाळतो. त्याच खोलीत दारं-खिडक्या लावून कूलर सुरू केला की ओल्या जाळीतून आलेल्या दमट हवेने तो केसावर टेकायच्या आधीच आळतो, आणि मग पकड कच्ची राहते. पार्लरमध्ये आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवलं, तर निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं.

तेल हा दुसरा शत्रू. केसावर तेलाचा थर असला तर गोंद नीट बसत नाही. तेलात कालवलेली हळद आणि तुपातलं घरचं काजळ, दोन्ही यात आले. म्हणून एक्स्टेन्शन हळदीनंतरच करा. पण गळतील या भीतीने डोळे धुणं सोडू नका. कापूस वेचताना, तूर काढताना उडालेली धूळ बुडाशी साचली तर पापणीच्या कडा सुजतात. तेल नसलेल्या सौम्य क्लीन्झरने हलक्या हाताने धुवा, पुसताना चोळू नका. लाली, ठणका किंवा पाणी थांबत नसेल, तर ओढून काढायच्या भानगडीत न पडता थेट डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा.