भरतीची उंची आणि पाण्याची खोली: मुंबई-गोवा सफरीचा बेत आखताना घोटाळा करणारे दोन आकडे

समजा, भरतीच्या कोष्टकात आजच्या दुपारसाठी लिहिलंय ३.१. ज्या खाडीत मुक्काम करायचा तिच्या तोंडाशी समुद्राच्या नकाशावर छापलंय १.२, आणि त्या आकड्याखाली बारीक रेघ आहे. दोन्ही आकडे मीटरमधले. तुमच्या शिडाच्या बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेला भाग, १.८ मीटर आहे. आत जाता येईल का?

एक जण म्हणतो, भरती ३.१ ची आहे, बोटीला १.८ लागतं, सव्वा मीटरहून जास्त पाणी शिल्लक. दुसरा दोन्ही आकड्यांची बेरीज करून ४.३ काढतो आणि आणखी निर्धास्त होतो. खरं पाणी आहे १.९ मीटर. कीलच्या, म्हणजे बोटीच्या बुडाच्या सगळ्यात खालच्या कण्याच्या, खाली फक्त १० सेंटीमीटर, तेही समुद्र अगदी सपाट असेल तर. मुंबई ते गोवा मुक्काम करत जाण्याचा बेत आखणाऱ्यांच्या बोलण्यात हा गोंधळ मी पुष्कळदा ऐकलाय. म्हणून या दोन आकड्यांचा अर्थ नीट उलगडून सांगावासा वाटतो.

कोकणातल्या कुठल्याही जुन्या धक्क्याच्या खांबाकडे ओहोटीच्या वेळी बघा. एका उंचीपर्यंत खांब कालवांनी भरलेला दिसतो, त्याच्यावर कोरडा. पाणी कुठवर चढतं हे त्या कालवांवरून कळतं. आता कल्पना करा की वर्षातल्या सगळ्यात खोल ओहोटीला, पाणी जिथवर उतरलं तिथे कुणी खांबावर लाल रंगाची रेघ मारली. नकाशाचं शून्य साधारण या रेघेवर असतं. भरतीची उंची मोजतात ती या रेघेपासून वर. नकाशावरची खोली मोजतात ती याच रेघेपासून खाली, तळापर्यंत. दोन्ही मापं एकाच ठिकाणी सुरू होतात, पण दिशा उलट. म्हणून साधा आकडा असेल तर त्यात भरतीची उंची मिळवायची. नकाशावर २ असेल आणि भरती ३.१ ची असेल, तर त्या वेळी पाणी ५.१.

आकड्याखाली रेघ असेल तर तिथला तळच लाल रेघेच्या वर आहे. ओहोटीला ती वाळू उघडी पडते, पोरं तिच्यावर चालत जाऊन शिंपले गोळा करतात. अशा ठिकाणी भरतीतून तो आकडा वजा करायचा. ३.१ वजा १.२, उरलं १.९. एवढीशी रेघ, पण तिच्यामुळे बेरजेची वजाबाकी होते.

कोष्टकं भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो, नकाशे नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस. दोन्ही डेहराडूनला. मोबाईलवरच्या ॲपमध्ये दोन्ही आकडे एकाच पडद्यावर येतात, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. बोटीवरचा एको साउंडर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र, तिसराच आकडा दाखवतो: या क्षणी प्रत्यक्षात असलेलं पाणी. तोही कुठून मोजतो, पाण्याच्या पृष्ठभागापासून की कीलच्या तळापासून, हे निघण्याआधी एकदा दोरीला वजन बांधून पडताळून घ्या. जुने तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, दोन्ही हात पसरून दोरी मोजत, त्या मापाला वाव म्हणतात. ती पद्धत आजही तितकीच भरवशाची आहे.

हे सगळं मुंबई-गोवा वाटेवर इतकं महत्त्वाचं का, तर ही वाट खाड्यांची आहे. अंतर सव्वादोनशेच्या आसपास नॉटिकल मैल. मुरूड, दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण आणि मग गोवा असे सहा टप्पे धरले तर दिवसाला सरासरी ३५ ते ४० मैल पडतात. ५ नॉटच्या, म्हणजे ताशी ५ नॉटिकल मैलांच्या, चालीने सात-आठ तास. यातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी नदीने आणि लाटांनी मिळून वाळूचा दांडा घातलेला असतो. आत पाणी भरपूर, बाहेर समुद्र खोल, आणि मधला उंबरठाच उथळ. दर पावसाळ्यात तो थोडाफार सरकतो, पण नकाशा छापला तेव्हाचाच राहतो. विजयदुर्ग याला सुखद अपवाद. तिथल्या वाघोटण खाडीच्या तोंडाशी असा दांडा नाही, म्हणून ते बंदर पूर्वापार नावाजलेलं आहे.

शिवाय भरतीची उंची सगळीकडे सारखी नसते. मुंबईत उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची, भरती सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटी ०.८ च्या आसपास उतरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, तीच भरती ३.३ वर थांबते आणि ओहोटी १.९ च्या आसपास. दक्षिणेकडे जाल तसा हा चढउतार कमी होत जातो. गोव्यातल्या मुरगावला उधाणाचीही भरती दोन-सव्वादोन मीटरच्या आसपासच असते. म्हणजे मुंबईचं कोष्टक उघडून सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या खाडीचा हिशेब केला, तर दीड-दोन मीटर पाणी फक्त कागदावर जास्त दिसतं. वेळही चुकते. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोव्यात ती मुंबईच्या आधी, तासाभराच्या फरकाने, पूर्ण होते. मुंबईच्या वेळेवर भरवसा ठेवून खाली पोचलात, तर तुम्हाला वाटतं पाणी अजून चढतंय, आणि प्रत्यक्षात ते उतरायला लागलेलं असतं. चढत्या पाण्यात बोट टेकली तर अर्ध्या तासात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. आणि ऐन उधाणाच्या माथ्यावर टेकली, तर त्यापुढच्या सगळ्या भरत्या तिच्यापेक्षा कमीच, पुन्हा उधाण येईपर्यंत.

वेळेचा हिशेब आपल्याकडे तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईसाठी हा ठोकताळा चांगला जुळतो. तो समोर ठेवून मी बेत आखते तो असा: अमावस्या किंवा पौर्णिमा झाली की प्रतिपदेला निघायचं. पहाटे पाच-साडेपाचला, जमिनीवरून येणारा मतलई वारा असताना नांगर उचलायचा. सात-आठ तासांनी, दुपारी एकच्या सुमारास, पुढच्या खाडीच्या तोंडाशी पोचायचं, तेव्हा पाणी भरत आलेलं असतं. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, षष्ठीपर्यंत ती साडेचारवर जाते, आणि दक्षिणेकडची तासाभराची सूट धरली तरी उजेडातच आत जाता येतं. अष्टमीच्या आसपास निघालात तर भरती संध्याकाळी सहाला. मग एक तर अंधार पडता पडता, माशांच्या जाळ्यांतून वाट काढत, दांड्यावर जायचं, नाहीतर बाहेर हेलकावे खात रात्र काढायची. वाळूचे उंबरठे असलेल्या खाड्या पहिल्या तीन दिवसांत आल्या तर बरं, कारण उधाणाचा जोर तेव्हाच असतो. विजयदुर्ग चौथ्या-पाचव्या दिवशी आलं तरी अडत नाही. मालवणला प्रश्न वाळूचा नाही, खडकांचा आहे. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली इतके कातळ आहेत की तिथे स्थानिक माणूस बोटीवर घेतल्याशिवाय मी आत जात नाही.

लाटेचाही हिशेब धरावा लागतो. दांड्यावर १ मीटरची लाट असेल तर तिच्या खळग्यात पाणी साधारण अर्धा मीटर कमी होतं. म्हणून वरच्या उदाहरणातलं १.९ मीटर पाणी १.८ च्या बोटीला कागदावर पुरतं, समुद्रात पुरत नाही. मी ड्राफ्टच्या वर निदान १ मीटर हातचा धरते, आणि पश्चिमेची लाट चालू असेल तर त्या खाडीचा नाद सोडून पुढच्या मोठ्या बंदराकडे जाते.

आत शिरल्यावर हाच हिशेब उलटा करायचा असतो, आणि तो मी एकदा चुकवला. रायगडातल्या एका खाडीत द्वितीयेला दुपारी दीड वाजता, ऐन भरतीला, नांगर टाकला. साउंडरवर ४.१ मीटर. भरपूर, असं वाटलं. त्या दिवशी भरती-ओहोटीत ३ मीटरचा फरक होता हे कोष्टकात वाचलं होतं, पण ते फक्त आत येण्यासाठी वाचलं होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास चहाचं आधण ठेवलं, आणि पातेल्यातलं पाणी एका बाजूला चढलेलं दिसलं. आधी वाटलं स्टोव्ह कलला. मग टेबलावरचा पेला सरकला. बोट चिखलात बसत होती. पावणेआठला ओहोटी पूर्ण झाली तेव्हा आम्ही भिंतीला पाठ टेकून बसलो होतो, आणि साडेनऊला पाणी परत आलं तेव्हा ती हळूहळू सरळ झाली. चिखल होता म्हणून निभावलं. तिथे खडक असता तर कील फुटली असती.

तेव्हापासून नांगर टाकताना वहीत तीन ओळी लिहिते. आत्ता साउंडरवर किती. आत्तापासून ओहोटीपर्यंत पाणी किती उतरेल. ते वजा करून किती उरतं. उरलेलं पाणी ड्राफ्टपेक्षा निदान १ मीटरने जास्त नसेल तर जागा बदलायची. आणि चौथी ओळ साखळीची: ती खोलीच्या पाचपट तरी सोडायची, पण ओहोटीला किंवा मधल्या वेळी पोचलात तर समोर दिसणाऱ्या खोलीच्या नव्हे, पूर्ण भरतीला जी खोली होईल तिच्या. नाहीतर मध्यरात्री पाणी चढतं, साखळी तोकडी पडते, नांगर सुटतो आणि बोट खाडीच्या प्रवाहाबरोबर निघते. पाणी सर्वांत वेगाने चढतं-उतरतं ते मधल्या दोन तासांत, एकूण फरकाच्या निम्मं, म्हणून त्या वेळी एकाने तरी जागं राहायचं. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आणि व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनल आम्ही त्याच पानावर वरच लिहून ठेवतो.

खाडीच्या तोंडाशी पोचण्याआधी मासळी उतरवून परतणारी एखादी होडी भेटली, तर थांबून विचारा. "दांडा कुठल्या अंगाला आहे यंदा?" एवढंच. तांडेल हाताने दाखवतो: त्या माडाच्या रांगेवर नाक धर, देवळाचा कळस दिसला की डावीकडे घे. ते वहीत तारखेसकट उतरवून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा विचारावं लागेल.