मोगलीच्या गोष्टीतले गाव

कोकणात १९९३ च्या सुमारास लहान असलेल्या पिढीला लांडग्यांत वाढलेला मोगली भेटला तो पुस्तकातून नव्हे, दूरदर्शनवरून. रविवारी सकाळी वाडीतल्या एखाद्याच घरी टीव्ही लागे, चिव्याच्या काठीला बांधलेला अँटेना कुणीतरी अंगणात उभे राहून फिरवी आणि पडवीत दाटीवाटीने बसलेली मुले ‘आलं, आलं’ म्हणून ओरडत. बावन्न भागांची ती मालिका मूळची जपानी, १९८९-९० मधली. हिंदीत तिला गुलजारांचे शीर्षकगीत लाभले आणि शेरखानाला आवाज मिळाला तो मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेल्या नाना पाटेकरांचा, त्यामुळे तो वाघ आम्हांला आपल्याकडचाच वाटे.

मूळ कथा रुडयार्ड किपलिंग यांच्या. १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या या लेखकाने त्या १८९४ आणि १८९५ मध्ये ‘जंगल बुक’च्या दोन पुस्तकांतून प्रसिद्ध केल्या. त्यांतले वैनगंगेकाठचे रान विलक्षण शिस्तीचे आहे: तिथे कायदा आहे, आणि दुष्काळात पाणवठ्यावर शिकार करायची नाही असा करारही आहे. गाव मात्र भित्र्या आणि बढाईखोर माणसांचे दाखवले आहे. ते मोगलीला दगड मारून हाकलते, त्याच्यावर माया करणाऱ्या मेसुआला चेटकीण ठरवते आणि शेवटी हाथी नावाचा हत्ती आणि त्याची तीन मुले यांच्याकडून उद्ध्वस्त होते. शहाणपण सारे रानाकडे आणि अडाणीपणा सारा गावाकडे, ही वाटणी त्या काळच्या साहेबी नजरेची आहे, असे मला ठामपणे वाटते. कोकणात देवराईतली वाळकी फांदीसुद्धा देवाला कौल लावल्याशिवाय न उचलणारी गावे आहेत, वाघोबाची ठाणी आहेत, आणि रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून त्याला ‘लांबडे’ म्हणणारी म्हातारी माणसे आहेत. रानाशी असे नाते असलेला गावकरी किपलिंग यांच्या गावात नाही.

१९६७ चा डिस्नेचा चित्रपट वेगळ्या वाटेने गेला. बिल पीट यांनी पुस्तकाच्या जवळ जाणारी संहिता लिहिली होती. ती फार काळोखी आहे म्हणून वॉल्ट डिस्ने यांनी नाकारली आणि गाण्यांनी भरलेली हलकीफुलकी गोष्ट पुढे आली. पुस्तकात माकडांच्या तावडीतून मोगलीला सोडवणारा ‘का’ अजगर तिथे खलनायक झाला, गंभीर हाथी ब्रिटिश फौजेतला कर्नल झाला, आणि भारतातल्या कुठल्याही रानात न सापडणारा ओरांगउटान माकडांचा राजा झाला. त्याच सुमारास सोव्हिएत ॲनिमेशनपटात मोगलीचा मित्र असलेला काळा बिबट्या बघीरा मादी झाली, कारण रशियन अनुवादातच ती तशी आली होती.

डिस्नेच्या चित्रपटातून गावावरचा राग गेला, पण त्याबरोबर गावही गेले. अखेरीस एक मुलगी पाण्याला येते, घागर भरते आणि मोगली तिच्या मागोमाग कुंपणाच्या दारातून आत जातो. आत कोण राहते, ते दिसत नाही.