नवापूरच्या कोंबड्या आणि फ्लूचं बदलतं रूप

2006 च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा आधी संशय राणीखेतवर, म्हणजे कोंबड्यांच्या एका नेहमीच्या साथरोगावर गेला. मर लागणं पोल्ट्रीवाल्यांना नवं नव्हतं. पण भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि 18 फेब्रुवारीला सरकारने जाहीर केलं की हा पक्ष्यांच्या फ्लूचा एच5एन1 विषाणू आहे, म्हणजे भारतात नोंदला गेलेला पहिला बर्ड फ्लू. लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही तेच झालं. माणसांचे नमुने तपासले, त्यांत मात्र कुणी बाधित सापडलं नाही.

अंडी-चिकन तेव्हा लोकांनी ताटातूनच हद्दपार केलं. खरं तर नीट शिजवल्यावर हा विषाणू मरतो. खरी जोखीम होती आजारी पक्षी हाताळणाऱ्यांना. याच विषाणूने 1997 मध्ये हाँगकाँगला 18 जणांना गाठलं आणि त्यातले 6 दगावले होते. इतका जहाल असूनही तो माणसांत पसरत का नाही? फ्लूचा विषाणू पेशीवरच्या विशिष्ट साखरेला चिकटून आत शिरतो. पक्ष्यांच्या विषाणूला हवी ती साखर माणसाच्या फुप्फुसात खोलवर असते, नाका-घशात फारशी नसते. त्यामुळे आजार होतो तो गंभीर, पण खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याला सहसा लागत नाही.

हे कायम असंच राहील असं मात्र नाही. या विषाणूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. त्यांची नक्कल करताना चुका होतात आणि विषाणू थोडा थोडा बदलत जातो, म्हणून लस वरचेवर बदलावी लागते. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. 1957 आणि 1968 च्या साथी अशाच उपजल्या. 2009 च्या स्वाइन फ्लूमागे डुकरांमधली अशीच सरमिसळ होती.

माणसांत सहज पसरणारा नवा फ्लू काय करतो, ते 1918 मध्ये दिसलं. जूनमध्ये तो जहाजांतून मुंबईत उतरला. पावसाळा सरता सरता आलेली दुसरी लाट फार घातक होती, आणि ती रेल्वेने देशभर गेली. त्यात त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. अखंड हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेल्याचा अंदाज आहे.

नवापुरात 2021 मध्ये बर्ड फ्लू पुन्हा आला, पुन्हा कोंबड्या पुरल्या गेल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीत एच5एन1 ने एक मुलगा दगावला. या विषाणूने देशात घेतलेला माणसाचा तो पहिला नोंदलेला बळी.