ल माँचं नाव, नुर्बुर्गरिंगचा मान: ऑडी आर८ एलएमएसची पार्श्वभूमी

शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत तिथेच ऑडीच्या ए६, ए४ गाड्यांची जुळणी होऊ लागली. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबाद आणि परिसरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी आपल्या शहराची दखल घेतली होती. छत्रपती संभाजीनगरात जर्मन गाडीचं अप्रूप तेव्हापासूनच कमी झालंय. ऑडीची आर८ ही स्पोर्ट्स कार मात्र शेंद्र्यात कधीच तयार झाली नाही. ती तयार गाडी म्हणून जर्मनीहून यायची, आणि तिची शर्यतीची आवृत्ती आर८ एलएमएस ही तर रस्त्यावर उतरणारी गाडीच नव्हे. तरीही तिची हकिगत मराठवाड्यातल्या वाचकाने मुद्दाम समजून घ्यावी असं मला वाटतं. ज्या गुणावर ही गाडी चोवीस-चोवीस तासांच्या शर्यती जिंकली, त्याच गुणासाठी वाळूज आणि चिकलठाण्यातले शेकडो व्हेंडर रोज झगडतात. पहिला नग जसा, हजारावा नगही तसाच निघाला पाहिजे.

सुरुवात करावी लागते ती आणखी एका आर८पासून. २००० ते २००५ या काळात ऑडीच्या आर८ नावाच्या, फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या प्रोटोटाइप गाडीने फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा जिंकली: २०००, २००१, २००२, २००४ आणि २००५. मधलं २००३ साल बेंटलीचं, पण त्या बेंटलीतही इंजिन ऑडीचंच होतं. हा प्रोटोटाइप वेगवान होताच, पण त्याची खरी करामत पिटमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना दुरुस्तीला थांबायच्या जागी, दिसायची. गिअरबॉक्सने दगा दिला, तर मेकॅनिक तो उघडत बसत नसत. गिअरबॉक्स, मागचं सस्पेन्शन असा गाडीचा अख्खा मागचा भाग एकसंध सुटून यायचा आणि तयार ठेवलेला दुसरा भाग जोडला जायचा. पाचेक मिनिटांत गाडी परत ट्रॅकवर. जिथे इतरांचा तास मोडायचा, तिथे ऑडीची एखादी फेरी जायची. लांब पल्ल्याच्या शर्यतीत दुरुस्तीचा वेळ हासुद्धा वेगाचाच भाग असतो, हे ऑडीने तिथे पक्कं ओळखलं.

२००६ मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये ऑडीने रस्त्यावरची स्पोर्ट्स कार आणली आणि तिला हेच नाव दिलं. तिचं मूळ २००३ साली फ्रँकफर्टला दाखवलेल्या ‘ल माँ क्वाट्रो’ या संकल्पना-गाडीत होतं. ॲल्युमिनिअमची स्पेस फ्रेम म्हणजे सांगाडा, सीटच्या मागे इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो प्रणाली. लँबोर्गिनी १९९८ पासूनच ऑडीच्या छत्राखाली होती, त्यामुळे तिच्या गॅलार्डो या गाडीची बरीचशी यांत्रिक बैठक हाताशी होती. आधी ४.२ लिटरचं व्ही८ इंजिन आलं, २००९ पासून ५.२ लिटरचं व्ही१०.

त्याच २००६ साली युरोपात जीटी३ हा शर्यतींचा नवा वर्ग सुरू झाला. यामागे स्टेफान रातेल यांची एसआरओ ही संस्था होती. कल्पना साधी होती: कंपनीने गाडी तयार करावी, ती खासगी संघांना विकावी आणि शर्यत त्या संघांनी खेळावी. वेगवेगळ्या गाड्या बरोबरीत याव्यात म्हणून आयोजक वजन, इंजिनाची ताकद, जमिनीपासूनची उंची यांवर गाडीनिहाय बंधनं घालतात. त्यामुळे अफाट ताकदीचं इंजिन बसवून पुढे निघून जाण्याची सोयच राहत नाही. अशा वर्गात गाडीची परीक्षा तीन गोष्टींत होते. ती किती टिकते, टायर किती जपते आणि सराईत नसलेल्या चालकालाही किती सांभाळून घेते. या वर्गाला ‘बरोबरीचा खेळ’ म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ही परीक्षा अधिक कठीण वाटते.

आर८ एलएमएस या वर्गासाठी ऑडीच्या क्वाट्रो जीएमबीएच या उपकंपनीने तयार केली आणि २००९ च्या हंगामात ती ट्रॅकवर उतरली. जीटी३ च्या नियमांत चारही चाकांना ताकद देणं बसत नव्हतं. म्हणजे ज्या क्वाट्रोवर ऑडीचं नाव झालं, तीच काढून फक्त मागच्या चाकांवर गाडी चालवायची. व्ही१० इंजिन मात्र जवळपास तसंच ठेवलं. हंगेरीतल्या ग्योर इथल्या कारखान्यात रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन बनायचं, तिथेच शर्यतीचंही बनायचं. हा तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शर्यतीच्या इंजिनासाठी वेगळी खोली, वेगळे कारागीर, हाताने घासूनपुसून जुळवलेले नग, ही जुनी रीत. इथे मात्र उत्पादनाच्या शिस्तीतून आलेलं इंजिन चोवीस तास जवळजवळ पूर्ण ताकदीने धावायचं. डाय-कास्टिंगच्या लॉटमागे लॉट तपासणाऱ्या आपल्याकडच्या सुपरवायझरला या कौतुकाचं कारण वेगळं सांगावं लागणार नाही.

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत होते. एक फेरी साधारण पंचवीस किलोमीटरची. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला पाऊस, रात्री धुकं, आणि त्याच रस्त्यावर शंभराहून जास्त लहानमोठ्या गाड्या. २००९ आणि २०११ ला तिथे पोर्शे जिंकली, २०१० ला बीएमडब्ल्यू. २०१२ मध्ये फिनिक्स संघाच्या आर८ एलएमएसने ऑडीला या शर्यतीतला पहिला विजय मिळवून दिला. चालक होते मार्क बासेंग, क्रिस्टोफर हासे, फ्रँक श्टिपलर आणि मार्कुस विंकेलहॉक. दुसरा क्रमांकही याच गाडीचा. २०१४ मध्ये पुन्हा फिनिक्स, तेही १५९ फेऱ्यांच्या विक्रमासह.

बेल्जियममधल्या स्पाच्या चोवीस तासांत २०११, २०१२, २०१४ आणि २०१७ असे चार विजय आले. ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्टच्या बारा तासांत २०११, २०१२ आणि २०१८ असे तीन. २०१३ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या चोवीस तासांत जीटी गट जिंकला, २०१९ मध्ये जपानमध्ये सुझुकाचे दहा तास. आशियात या गाडीची स्वतंत्र आर८ एलएमएस कप मालिका भरायची आणि चेन्नईचा आदित्य पटेल तिच्यात धावला.

२०१५ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला दुसरी पिढी आली. ५८५ अश्वशक्ती, फ्रेममध्ये ॲल्युमिनिअमच्या जोडीला कार्बन फायबर, आणि निम्म्याच्या आसपास भाग थेट रस्त्यावरच्या आर८चे. चालकाची सीट चासीला पक्की बोल्ट केलेली. उंच-बुटक्या चालकांच्या सोयीसाठी सीटऐवजी पेडल आणि स्टिअरिंग मागेपुढे होतं. छतावर एक झडप ठेवलेली, म्हणजे अपघातात चालकाची मान न हलवता वरून मदत पोहोचवता येते. गाडी विकत घेऊन चालवणारा अनेकदा व्यवसाय सांभाळून शर्यत खेळणारा हौशी माणूस असतो, याचं भान त्या झडपेत दिसतं. ही गाडी त्याच वर्षी मे महिन्यात नुर्बुर्गरिंगला उतरली आणि बेल्जियमच्या डब्ल्यूआरटी संघाने ती पहिल्याच फटक्यात जिंकवली.

पण या सगळ्या विजयांतून एकच निवडायचा तर मी २०१७ चा नुर्बुर्गरिंगचा निवडेन. लँड मोटरस्पोर्ट हा जर्मनीतला खासगी संघ. त्यांची आर८ बराच काळ पुढे होती. शेवटचे दीडेक तास उरले असताना इलेक्ट्रॉनिक्समध्ये बिघाड झाला, गाडीला अवेळी पिटमध्ये यावं लागलं आणि आघाडी गेली. पुढे आता डब्ल्यूआरटीची ऑडी आणि रोव्हे संघाची बीएमडब्ल्यू. शेवटच्या काही मिनिटांत आयफेलमध्ये पाऊस उतरला. पुढचे दोघे कोरड्या रस्त्याच्या टायरवर तसेच पुढे निघाले. लँडने केल्विन फान डेर लिंडेला आत बोलावून पावसाचे टायर चढवले. त्या थांब्यात गेलेली मिनिटं ओल्या डोंगरात व्याजासकट वसूल झाली. पुढच्या दोन्ही गाड्या चाचपडत होत्या आणि लँडची आर८ त्यांना मागे टाकून सुमारे अर्ध्या मिनिटाने जिंकली. बीएमडब्ल्यू दुसरी, डब्ल्यूआरटी तिसरी. बिघाड दुरुस्त होऊन गाडी पुन्हा लढतीत येऊ शकली नसती, तर टायरचा तो धाडसी निर्णय घ्यायची वेळच आली नसती.

२०१९ मध्ये फिनिक्सने पुन्हा नुर्बुर्गरिंग जिंकलं. २०२२ मध्ये मागे नव्या ढंगाचा पंख आणि धक्के शोषणारे सुधारलेले डॅम्पर असलेल्या ‘इव्हो टू’ आवृत्तीने सहावा विजय मिळवला, तोही १५९ फेऱ्यांतच. दरम्यान याच कुटुंबात जीटी४ आणि जीटी२ वर्गांच्या गाड्याही निघाल्या.

एलएमएस या अक्षरांत ल माँ आहे, पण जीटी३ गाड्यांना ल माँच्या चोवीस तासांत प्रवेश मिळाला तो २०२४ पासून. तोवर ऑडीची पावलं दुसरीकडे वळली होती. २०२६ च्या फॉर्म्युला वनकडे लक्ष लागल्यामुळे कंपनीने २०२३ नंतर ग्राहक-संघांच्या शर्यतीतून हात आखडता घेतला आणि २०२४ मध्ये रस्त्यावरच्या आर८चं उत्पादनही थांबलं. ल माँच्या त्या पहिल्या जीटी३ रांगेत नऊ कंपन्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या, त्यांत आर८ नव्हती. विकल्या गेलेल्या गाड्या खासगी संघांकडेच राहिल्या, आणि कंपनीचा कारखाना मागे नसतानाही त्यांतल्या काही युरोप-आशियातल्या शर्यतींत उतरत राहिल्या.