पोलिसांविरुद्धची तक्रार फिरून त्याच ठाण्यात का येते

पोलिसांनी त्रास दिला की आपण एसपी ऑफिसला किंवा आयुक्तालयात अर्ज देतो, आवकचा शिक्का मारून पोच घेतो, आणि काही दिवसांनी कळतं की तो अर्ज "चौकशी करून अहवाल द्या" असा शेरा मारून त्याच पोलीस ठाण्याला पाठवलाय, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याचाच साहेब चौकशी करणार. हा प्रकार आजचा नाहीये, मूळ कंपनी सरकारच्या काळात आहे.

1855 मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींवर एका चौकशी आयोगाचा रिपोर्ट आला. तेव्हा शेतसारा वसूल करणारी आणि पोलिसाचं काम करणारी माणसं बऱ्याच ठिकाणी एकच होती, त्यामुळे सारा वसुलीत मारहाण झाली तर रयतेने जायचं कुठे हा प्रश्न आयोगालाही पडला होता. नंतर 1861 चा पोलीस कायदा आला, पण त्याला पार्श्वभूमी 1857 ची होती, सरकारला हुकूम मानणारं दल हवं होतं, लोकांना उत्तर देणारं नाही. बाहेरच्या कोणाकडे तक्रार करायची सोय त्यात नव्हतीच. गंमत म्हणजे त्याच सरकारने 1872 च्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाही असं लिहून ठेवलं, म्हणजे भरवसा त्यांचाही नव्हता! 1902-03 च्या फ्रेझर आयोगानेही पोलिसांवर भ्रष्टाचार आणि जुलमाचे ताशेरे ओढले.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे 1951 चा मुंबई पोलीस कायदा झाला (आता त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस कायदा). त्यात विनाकारण झडती, अटक, मारहाण करणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आहे, पण ते सिद्ध व्हायला आधी चौकशी व्हायला पाहिजे आणि ती परत खात्यातच.

आणीबाणीनंतर 1977 मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला, त्याने 1981 पर्यंत आठ रिपोर्ट दिले, त्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींवर वेगळा विचार होता, पण सरकारं बदलली आणि रिपोर्ट बहुतेक कपाटातच राहिले. 1993 ला राष्ट्रीय मानवाधिकार आयोग आला, राज्याचा आयोग 2001 पासून चालू झाला. कोठडीतल्या मृत्यूची खबर 24 तासांत द्यायची हा दंडक राष्ट्रीय आयोगाने घातला, ते मोठंच काम. पण आयोग फक्त शिफारस करतो, आणि घटनेला वर्ष उलटलं की तक्रार घेत नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं.

खरी कलाटणी मिळाली ती प्रकाश सिंह केसमुळे. प्रकाश सिंह स्वतः उत्तर प्रदेश पोलिसांचे आणि बीएसएफचे (सीमा सुरक्षा दलाचे) माजी प्रमुख, म्हणजे खात्यातलाच माणूस, त्यांनी 1996 ला सुप्रीम कोर्टात याचिका टाकली आणि दहा वर्षांनी, 22 सप्टेंबर 2006 ला निकाल आला. सात निर्देशांपैकी एक असा की प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण पाहिजे, राज्य पातळीवर आणि जिल्हा पातळीवर, अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, आणि त्याची शिफारस सरकारवर बंधनकारक. कोर्टाने लिहिलं, पण राज्यांना ते पचलं नाही, कारण पोलीस हातात ठेवायला कोणत्या पक्षाला आवडत नाही?

महाराष्ट्राने 2014 ला कायद्यात दुरुस्ती केली, पण कोर्टाने सांगितलेला जिल्हा गाळून विभागीय पातळी ठेवली. म्हणजे गडचिरोलीच्या टोकाच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जाणंच कठीण, त्याने नागपूरकडे बघायचं. कोठडीत मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं असे विषय प्राधिकरणाकडे जातात, वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी राज्याकडे आणि ठाण्याच्या पातळीवरच्या विभागाकडे. कागदावर चांगलं आहे, पण सदस्यांत पोलीस खात्यातली माणसंही बसवलीत, ते मला तरी खटकतं.

एफआयआरच घेत नाहीत हा वेगळा विषय, पण त्याचाही धागा इथेच येतो. 2013 च्या ललिता कुमारी निकालाने दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) एफआयआर घेणं बंधनकारक केलं, आणि ठाण्यात घेतली नाही तर एसपीला लेखी कळवायचं, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जायचं, ही वाट जुन्या सीआरपीसीत (फौजदारी प्रक्रिया संहितेत) होती, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही कलम 173 आणि 175 मध्ये आहे. फक्त नव्या संहितेत एक मेख मारलीय, ड्युटी करताना घडलेल्या गोष्टीवरून सरकारी नोकराविरुद्ध तक्रार असेल (पोलीसही त्यात आलेच) तर तपासाचा आदेश देण्याआधी मॅजिस्ट्रेटने त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायचा आणि त्या नोकराचंही म्हणणं विचारात घ्यायचं. म्हणजे अर्ज कोर्टात नेला तरी पहिला कागद परत साहेबाच्याच टेबलावर.